मुक्ताचं अडकलेलं पान

उज्जैनच्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकात दरवर्षी कुणा ना कुणा मोठ्या माणसावर लेख येतो. कधी गाणारे, कधी डॉक्टर, कधी नुसतेच दिल्लीला जाऊन आलेले. यंदा मी संपादकांना सीधं सांगून दिलं, मोठा माणूस माझ्या घरात आहे, वरच्या खोलीत बसतो, आणि त्याच्यावर लेख मीच लिहिणार. ते म्हणाले, "विनायकराव, तुम्ही आणि लेख?" मी म्हटलं, का नाही? बारावीपर्यंत शिकलोय. पुढे शिकलो नाही कारण मला शिकायचंच नव्हतं. पण बोलण्यात अख्ख्या फ्रीगंजमध्ये माझ्यासमोर कोणी टिकत नाही. जसा बोलतो तसाच लिहीन.

तर ही माझी धाकटी बहीण, मुक्ता श्रीधर पागनीस. आमचे पूर्वज शिंदे सरकारच्या पागेत घोड्यांचा हिशोब ठेवायचे, त्यावरून पागनीस. कुठला घोडा पळेल आणि कुठला लंगडेल, हे त्यांना नुसतं बघून कळायचं म्हणतात. आता घोडे गेले, काम तेच राहिलं. मुक्ताची कंपनी ब्राउझर बनवते. मोबाइलवर तुम्ही पंचांग बघता, बातम्या बघता, रेल्वेचं तिकीट काढता, ते पान ज्याच्यातून दिसतं तो ब्राउझर. तो पळतोय का लंगडतोय, हे आमची मुक्ता बघते, तेही नानाखेड्याच्या आमच्या घरात बसून. आधी बंगलोरला होती. माईचे, म्हणजे आमच्या आईचे, डोळे खराब झाले तेव्हा कंपनीला म्हणाली, घरून काम करू द्या, नाहीतर मी चालले. कंपनीने हात जोडले. मुक्ता म्हणते, हात वगैरे कोणी जोडले नाहीत, अर्ज केला आणि मंजूर झाला. ते जाऊ द्या.

तिची लहानपणापासून एक सवय आहे. घरात काही बिघडलं की ती सगळ्यांच्या आधी उठते आणि म्हणते, "माझ्याकडून झालं का, बघते." पंखा कुरकुरला, माझ्याकडून झालं का. कुकरची शिट्टी झाली नाही, माझ्याकडून झालं का. शाळेत प्रयोगाचा बल्ब पेटला नाही, तर बाकीच्या पोरी एकमेकींकडे बोट दाखवून राहिल्या होत्या आणि ही आपली तार तपासत बसली. मला याचा फार राग यायचा. मी दारातूनच म्हणायचो, "तुझ्याकडून नाही झालं."

"तुला काय माहीत, दादा? तू बघितलंस का?"

"बघायची गरजच नाही."

या एका गोष्टीत आमचं दोघांचं कधी जमलं नाही.

माईच्या एका डोळ्याला आता मधोमध दिसत नाही, फक्त कडेकडेनं दिसतं. दुसराही कमजोर. आणि वाचायचा शौक जबरदस्त. मोबाइलवर बोटांनी खेचून अक्षरं लाडवाएवढी करायची. पण अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याच्या बाहेर निघून जायची. मग माई पान एकीकडे सरकवायची, ओळ संपली की परत दुसरीकडे, आणि तोपर्यंत आपण कुठल्या ओळीवर होतो तेच विसरायची. एक दिवस मुक्ता शेजारी बसून नुसती बघत होती.

"काय बघतेस गं?" माई म्हणाली.

"तुझं बोट."

त्या बोटावरून तिला ते सुचलं. अक्षर कितीही मोठं करा, ओळ पडद्यातच मुडपून खाली आली पाहिजे, असा बदल तिने ब्राउझरमध्ये करायला घेतला. आता कंपनीत असं नसतं की मनात आलं आणि बदलून टाकलं. आधी लिहायचं, मग इतरांना दाखवायचं, ते नाक मुरडणार, मग परत लिहायचं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, ही लिहूनच राहिली होती. शेवटी बदल आत गेला. माईने पोथीचा आख्खा अध्याय एकदाही पान न सरकवता वाचला, फोन मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आता ओळ घरातच राहते."

मुक्ताने माईच्या फोनची काच पदराने पुसून दिली, माईच्याच पदराने.

मी मात्र गप्प बसणारा नाही. फ्रीगंजमध्ये माझं चादरींचं दुकान आहे, भैरवगढच्या छपाईचा अस्सल माल. ओळीतल्या सगळ्या दुकानदारांच्या फोनमध्ये मुक्ताच्या कंपनीचा ब्राउझर घालून दिला, बसल्या जागी पेढा खिलवून. आणि दुकानाची वेबसाइट आहे, मी स्वतः बनवलेली, तिच्यात "आमच्याविषयी" म्हणून एक पान आहे. त्यात एक परिच्छेद चादरींना दिला आणि बाकी सगळं मुक्ताला. तिचे नर्सरीपासूनचे फोटो, स्कॉलरशिप, वक्तृत्वाचा कप, माझ्या हातचा तारीफेचा भलामोठा मजकूर. आणि सगळ्यात वर लाल अक्षरांची पळती पट्टी, एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने जाते: आमच्या मुक्ताकडून कधी चूक होत नाही. गिऱ्हाईक आलं की मी आधी पान दाखवायचो, मग चादर. मुक्ताला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिने काढायला लावलं असतं.

मग एका शुक्रवारी मी तिच्यासाठी पोहे घेऊन वर गेलो, तर ती कंपनीच्या साहेबांशी बोलत होती. गोपाळकृष्ण सर, बंगलोरला असतात. पडद्यावर त्यांचा चेहरा होता आणि ते म्हणत होते, "मुक्ता, सस्ते फोनों पर ब्राउझर अटक रहा है. शिकायतें आपकी ही तरफ से आ रही हैं, एमपी, यूपी, राजस्थान. इस बार जितने बदलाव गए, उनमें सबसे ज़्यादा शक आपके वाले पर है. मंडे तक वजह मिल गई तो ठीक. नहीं तो आपका बदलाव वापस निकालना पड़ेगा."

मी पोह्यांची बशी तिच्यासमोर ठेवली आणि पडद्यात वाकून म्हटलं, "सर, हमारी मुक्ता से गलती नहीं होती."

सर जरा मागे सरकले. "ये कौन हैं?"

"मेरे बड़े भाई हैं, सर."

"नमस्ते भाईसाहब."

"नमस्ते. उज्जैन आओ कभी, पोहे खिलाते हैं, जीरावन डाल के."

"दादा, खाली जा," मुक्ता म्हणाली.

मी जिन्यात थांबलो. बोलणं संपल्यावर परत आत गेलो, तर ती पोह्यांकडे बघत बसली होती, खात नव्हती.

"नोकरीला काही होईल का?"

"नोकरीला काय होणार? चूक सगळ्यांची होते. पण बदल काढून टाकतील, दादा. म्हणजे माईची ओळ परत बाहेर. आणि एकदा काढला की परत आत घालायला कोणी वेळ देणार नाही. मोठी अक्षरं लागणारी माणसं आहेतच किती, असं वाटतं त्यांना."

"तुझ्याकडून नाही झालं."

"तू बघितलंस का?"

शनिवारभर ती शोधत राहिली. टेबलावर सगळे फोन मांडले, काहींत जुना ब्राउझर, काहींत नवा. अक्षरं मोठी करायची, पान उघडायचं, बोटाने वर-खाली पळवायचं आणि कॉम्प्युटरवर रेघ बघायची. रेघ उंच उडाली म्हणजे पान अडकलं. पण रेघ काही उडायला तयार नाही. तिच्याजवळ तपासायची ढीगभर पानं होती, सगळी झकास पळत होती. लोक म्हणून राहिले घोडा लंगडतोय, आणि हिच्यासमोर आणला की घोडा चौखूर. तिचं म्हणणं, जोवर आपल्या डोळ्यांसमोर लंगडत नाही तोवर पाय कुठला दुखतोय ते कसं कळणार?

माझी बायको तेजस्विनी चहा घेऊन वर जाऊन आली आणि तिने खाली येऊन माईला सगळं सांगून टाकलं. संध्याकाळी मुक्ता पाणी प्यायला खाली आली, तेव्हा माईने तिला जवळ बोलावलं.

"माझ्यासाठी केलं तेच निस्तरतेस का गं?"

"नाही माई."

"असू दे. काढलं तर काढू देत. मी सरकवून वाचीन परत. बोट काय झिजतं होय?"

मुक्ता पाणी न पिताच वर गेली. तिचा भरलेला गिलास ओट्यावर तसाच राहिला. माई मला म्हणाली, "विन्या, चुकीचं बोलले का मी?" मी म्हटलं, नाही. पण मला कुणाकडे बघवेना.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसलो. मुक्ताला बळेच बसवलं होतं. घरात कोणी बोलत नाही म्हटल्यावर मीच बोलायला लागलो, माझ्या दुकानाचं रडगाणं. म्हटलं, "आठवडाभर झाला, दुकानाचं पान अडकून राहिलंय. गिऱ्हाईक समोर उभं, मी फोन दाखवतोय, आणि पान आपलं ठप्प. नेटवर्कवाल्याला फोन करून असा झापलाय मी, विचारू नका."

मुक्ताचा घास हातातच थांबला. "कुठलं पान?"

मी वरणाकडे बघितलं. तेजस्विनी हसली. "आता दाखवा."

"आहे आपलं एक. चादरींचं."

"दादा, फोन दे."

तिने डाव्या हातात फोन घेतला. "अक्षरं एवढी मोठी का ठेवलीस?"

"दुकानात ऊन येतं."

"उन्हाचं काही नाही, चाळिशी लागली आहे," तेजस्विनी म्हणाली. "चष्मा लावा म्हटलं तर राग येतो."

पान उघडलं. लाल पट्टी झटके खात निघाली. मुक्ताने बोटाने पान वर ढकललं, तर ते चिखलातून म्हैस निघावी तसं हललं. तेवढ्यात तिची नजर मजकुरावर गेली.

"हे काय आहे?"

"तुझी माहिती."

"नर्सरीतला फोटो?"

"माहिती कशी, पूर्ण पाहिजे."

मला वाटलं आता चिडणार. तिने परत एकदा पान ढकललं, परत ते अडकलं, आणि मग तिने फोन असा छातीशी धरला, जसा कोणी हरवलेलं पोर उचलून घेतं.

"दादा, अडकतंय रे."

"तेच तर सांगतोय. नेटवर्कवाला—"

"नेटवर्क नाही. सापडलं." आणि खरकट्या हातानेच जिना चढायला लागली. माईने मागून हाक मारली, "अगं भात," पण ती पोचलीसुद्धा.

मीही हात धुऊन वर गेलो. तिने माझ्या फोनमध्ये आधी जुना ब्राउझर घातला. पान लोण्यासारखं. मग परत नवा. म्हैस. मग पानाची एक नक्कल काढली आणि मला समजावलं. म्हणाली, "हे पान फार मोठं आहे, दादा. आता यातलं निम्मं कापायचं. उरलेलं तरीही अडकलं, तर दोष उरलेल्यात. अडकलं नाही, तर कापलेल्यात. मग त्यातलं परत निम्मं. असं करत करत अगदी चिमूटभर उरलं पाहिजे आणि ते तरी अडकलं पाहिजे. तेव्हा कळतं."

"म्हणजे तुझी तारीफ कापणार?"

"हो."

"माझ्यासमोर?"

"मग खाली जा."

मी गेलो नाही. दुकान सोडलं तर इतका वेळ एका जागी मी कुठेच बसलेलो नाही. तिने फोटो कापले, पान अडकलं. म्हणजे फोटोंचा दोष नाही. स्कॉलरशिप गेली, तरी अडकलं. वक्तृत्वाचा कप गेला. प्रत्येक गोष्टीला मी मनातल्या मनात रामराम केला. भय्यासाहेबांचा अभिप्राय आला, आपल्या मंडळाचे अध्यक्ष, मी दोनदा घरी जाऊन लिहून आणलेला.

"तो तरी राहू दे," मी म्हटलं. "त्यांना कळलं तर?"

तिने कापला, पान ठप्पच होतं. "त्यांच्यामुळे काही अडकत नाहीये, दादा."

"ते तर सगळ्या मंडळाला माहीत आहे."

दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

शेवटी दोनच गोष्टी उरल्या. वर लाल पट्टी आणि खाली माझा तारीफेचा मजकूर. तिने पट्टी काढली, पान पळायला लागलं. पट्टी परत ठेवून मजकूर काढला, तरी पळायला लागलं. दोन्ही एकत्र ठेवले की ठप्प. मजकूर कापून छोटा केला की कमी अडकायचं, मोठा केला की जास्त. म्हणजे मी जितकी तारीफ करीन तितकं पान जड.

मुक्ता खुर्चीत मागे टेकली. "पट्टी. अरे देवा, पट्टी. आजकाल ही कोणी लावत नाही, दादा. आमच्या तपासायच्या पानांत एकसुद्धा नाही."

"कोण नाही लावत? शाळा लावतात, देवळं लावतात, पेपरवाले लावतात. आपल्याकडे खबर पळाली नाही तर तिला खबर म्हणतच नाहीत."

"हो ना," ती हळूच म्हणाली. "इथेच जन्मले, इथेच वाढले, आणि माझ्याच डोक्यात आलं नाही."

"पण पट्टी तर आधीही पळायची. आता काय झालं?"

तिने थोडा विचार केला. "पंगत बसली आहे असं समज. मोठी अक्षरं म्हणजे जाडजूड माणसं, सगळ्यांना एका रांगेत बसवायचं तर मोजून-मापून बसवावं लागतं. मी ते शिकवलं ब्राउझरला. आता त्या पंगतीत एक पोर इकडून तिकडे पळतंय. आणि माझा ब्राउझर काय करतोय, पोराने पाऊल टाकलं की सगळी पंगत उठवतो आणि परत मोजून बसवतो. दर पावलाला. लोक जेवणार कधी?"

इतकं सोपं मला शाळेत कोणी सांगितलं असतं, तर मी बारावीवर थांबलो नसतो.

"मग चूक पोराची," मी म्हटलं. "म्हणजे पट्टीची. म्हणजे माझी."

"पोर पळणारच. चूक माझी आहे."

"तुझी नाही."

"दादा, आता तर तूही बघितलंस." ती माझ्याकडे वळली. चिडलेली बिलकुल नव्हती. शुक्रवारपासून चेहऱ्यावर जे होतं ते उतरलं होतं. "माझी असली तर बरंच आहे ना. माझी असली तर मी दुरुस्त करीन. दुसऱ्या कोणाची असती, तर मी नुसती वाट बघत बसले असते, आणि माई बोट सरकवत बसली असती."

यावर मी गप्प बसलो. मला गप्प बसलेलं बघायचा योग उज्जैनमध्ये फार कमी लोकांना आला आहे.

मग तिने त्या पळणाऱ्या पोराला वेगळी ओसरी करून दिली. पळायचं तितकं पळ, पण पंगतीला धक्का नाही, असं ब्राउझरला सांगितलं. नेमकं काय लिहिलं ते मला विचारू नका. लिहिलं थोडंसंच, पण लिहायच्या आधी बघत खूप वेळ बसली. दिवेलागणीच्या आत माझ्या फोनवर पान पळायला लागलं. मी पूर्ण पान उघडायला लावलं, नर्सरी, कप, भय्यासाहेब सगळं. सगळं लोण्यासारखं. माझ्या अक्षरांच्याही वर, माईच्या लाडवाएवढ्या अक्षरांत केलं, तरी ओळ घरात आणि पट्टी आपल्या ओसरीत.

सोमवारी सरांचा फोन आला तेव्हा मी जिन्यातच होतो, पोहे घेऊन. सरांनी सगळं बघितलं होतं. म्हणाले, "बहुत अच्छा पकड़ा. बदलाव रहेगा, ये सुधार भी साथ में जाएगा." मग म्हणाले, तो कापून उरलेला चिमूटभर तुकडा पाठव. त्यांच्यात असा रिवाज आहे. एखादी चूक सापडली की जेवढ्या तुकड्याने ती पकडली, तेवढा तुकडा जपून ठेवतात. पुढे जगात कुठेही कोणी ब्राउझरमध्ये काही बदललं, तर मशीन आधी तो तुकडा चालवून बघतं. अडकला, तर बदल बाहेर. कोणाला परत ती चूक करता येत नाही.

मुक्ताने तुकडा पाठवला. सरांनी उघडला.

"ऊपर ये लाल में क्या लिखा है?"

"लिखा है, हमारी मुक्ता से कभी गलती नहीं होती."

सर इतके हसले की मला जिन्यात ऐकू आलं. "ये भाईसाहब ने लिखा है."

"हाँ सर. बदल देती हूँ. इसकी जगह कुछ भी लिख सकते हैं."

"रहने दो. टेस्ट है, झूठ भी चलेगा."

झूठ हा शब्द मला लागला. पण माणूस पोह्यांच्या लायकीचा आहे म्हणून सोडून दिलं.

तर आता परिस्थिती अशी आहे की अमेरिकेत असो, जपानमध्ये असो, कोणी त्या ब्राउझरला हात लावला, की आधी आमची मराठी ओळ पळते, आणि तिने हो म्हटलं तरच पुढचं काम. फ्रीगंजमध्ये मी हे सगळ्यांना सांगून झालं आहे. मुक्ता म्हणते, "दादा, ती माझ्या चुकीची खूण आहे, मिरवायची गोष्ट नाही." मी म्हणतो, वाचून बघ काय लिहिलंय त्यात.

त्या संध्याकाळी माई म्हणाली, "मलाही दाखवा ती तुमची पट्टी." मुक्ताने तो छोटा तुकडा माईच्या फोनवर उघडला, अक्षरं जितकी मोठी होतात तितकी केली आणि फोन तिच्या त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्यासमोर येईल असा तिरपा धरला. पट्टी निघाली. माई मोठ्याने वाचायला लागली. "आमच्या... मुक्ता... कडून..." तेवढ्यात बाकीची ओळ पलीकडे निघून गेली.

"गेली गं."

"येईल परत," मुक्ता म्हणाली. "थांबवू का?"

"नको," माई म्हणाली, आणि मुक्ताच्या हाताखाली आपला हात धरला. "पळू दे. मी बसले आहे."